ती मेल कंपनीने फोडली नव्हती

एखादी नवी मेल कंपनी विश्वासाची आहे की नाही, हे तुम्ही कसं ठरवता? तिचे नियम वाचून, की 'मी वाचलेत' असं सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघून? आमच्या लातुरात तोंडाकडे बघून ठरवतात. दोन वर्षांपूर्वी ते तोंड माझं होतं. पुढचं मी कोणालाच सांगितलेलं नाही — आईला नाही, पत्रकं छापणाऱ्या मित्रांना नाही, आणि संगीताताईंना तर नाहीच.

ताई क्लासच्या भागात मुलींची खानावळ चालवतात. गावोगावहून 'नीट' परीक्षेच्या तयारीला आलेल्या मुली तिथे जेवतात, जेवताना बोलतात. एका खासगी वसतिगृहातल्या मुली बोलेनाशा झाल्या, तेव्हा ताईंनी एकेकीला बाजूला घेऊन विचारलं. मालकाचा भाऊ पाण्याची मोटर बघायच्या निमित्ताने अवेळी वरच्या मजल्यावर यायचा. आणि रेक्टर मुलींचे फोन उघडून तपासायच्या, म्हणून कोणी काही लिहीत नव्हतं.

मी तेव्हा खाजगीपणाच्या हक्कावर पत्रकं लिहायचो. एका नव्या मेल सेवेचं मला फार कौतुक होतं — पत्रं अशी कुलूपबंद ठेवतो की आम्हालाही वाचता येत नाहीत, असं तिचं म्हणणं. मी सुचवलं, मुलींनी अभ्यासिकेच्या संगणकावरून ताईंना तिथे लिहावं. तीन-चार जणी नावानिशी तयार झाल्या की ताई त्यांना घेऊन पोलिसांत जातील. ताई मात्र अडून बसल्या.

"काय पत्रकवाले, फुकट द्यायलेत म्हंजी कायतरी घ्यायलेबी असतील की. मालक कोन हाय त्याचा?"

"ताई, मी सगळं तपासलंय."

"सगळं?"

"सगळं."

"मग कर बाबा चालू. पोरींचा जीव हाय त्यात."

मी फक्त पहिलं पान वाचलं होतं. पण थांबा — हा तो गुन्हा नाही. हलकं आधी कबूल करून जड मागे ठेवायचं, ही माझी जुनी खोड आहे. कंपनी खरी निघाली. तिला ती पत्रं वाचता येत नव्हती.

मला येत होती.

ताईंचं खातं मी माझ्या लॅपटॉपवर उघडून दिलं, पासवर्डही मीच टाकला. आपल्याकडे असंच चालतं ना? ज्याला जमतं तो उघडून देतो, पासवर्ड त्याच्याकडेच राहतो, आणि आपण त्याला मदत म्हणतो. 'नंतर बदला', एवढंही मी ताईंना म्हणालो नाही.

एके दुपारी मी ते उघडलं. का? नवं पत्रक अर्धवट पडलं होतं, त्यात आग नव्हती — आणि आग कुठे आहे ते मला माहीत होतं. एका मुलीने लिहिलं होतं, मी रोज खाट ओढून दाराला लावते, मग झोपते. वाचून मला राग आला. खरा राग. पण त्या रागाच्या खाली — कसं सांगू — आनंद होता. सापडलं, असा.

मी ते वाक्य पत्रकात घातलं. मुलीचं नाव नाही, वसतिगृहाचं नाव नाही. तेवढं पुरे, असं स्वतःला सांगितलं. रेक्टरला नावाची गरजच नव्हती. खाट ओढल्याचे ओरखडे एकाच खोलीच्या फरशीवर होते. देगलूरहून तिचे वडील आले, तिला घेऊन गेले. ती परीक्षेला बसली नाही. बाकीच्या मुलींनी लिहिणं सोडलं आणि खानावळही. ताईंनीच पत्र दाखवलं असं त्या समजतात. का समजू नये? ते आलं होतं फक्त ताईंकडे.

"म्या तर कोनालाच दावलं न्हाई रे," ताई म्हणाल्या. "तुझ्याकडं कसं आलं ते?"

मी जराही अडखळलो नाही. "मला कोणीतरी निनावी पाठवलं, ताई. कंपनीतूनच फुटलं असणार. नवी आहे, काय सांगावं."

त्या रागावल्या नाहीत. उलट मलाच ताट वाढलं, म्हणाल्या, "जाऊ दे, लेकरा. तू तर तपासलं व्हतंस." मी जेवलो. आणि त्या आठवड्यात कंपनीविरुद्ध जळजळीत पत्रक काढलं. ते गाजलं. नांदेडच्या पोरांनी पुन्हा छापून वाटलं. पोलिसांत मात्र कोणीच गेलं नाही. मोटर बघणारा अजून तिथेच आहे.

हे छापायला देण्याआधी ताईंना सांगावं म्हणून परवा खानावळीत गेलो. बसलो, जेवलो, परत आलो.

मुलीचं गाव आणि खाटेची खूण मी इथे बदलून लिहिली आहे. तेव्हा तेवढंही सुचलं नव्हतं. ताईंचं नाव मात्र खरं आहे, कारण मुलींना ते ओळखता यायला हवं. त्या मजल्यावर राहिलेली कोणी तुमच्या घरात, गल्लीत, नात्यात असेल, तर आजच तिला सांगा — संगीताताईंनी तुझं पत्र कोणाला दाखवलं नाही. या लेखावर छापलेलं माझं नाव सांगा, आणि त्याने ते चोरून वाचलं, असं सांगा.