माणिकप्पाची मोटार आणि दसऱ्याची शीव

चंद्रम्माची परात हरवली की ती शोधायला घरात फिरावं लागत नसे. अंगणात कडुनिंबाखाली तिच्या नवऱ्याची, माणिकप्पाची, मोटार उभी होती. परात तिच्या पोटाखाली काळं तेल झेलत पडलेली असे. उलथणं इंजिनाच्या फटीत असे, पिठाची चाळणी रॉकेलच्या डब्यावर पालथी असे, आणि धनी स्वतः गाडीखाली, पाय तेवढे बाहेर. "माझं लगीन ह्या दोन पायांसंगट झालंय," असं ती शेजारणीला सांगायची. गाडीला ती भाकड म्हैस म्हणे. दूध नाही, खाणं थांबत नाही, वर दावणीची जागा अडवून बसलेली.

म्हैसूर राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं, त्याच्या पुढच्या सालातली ही गोष्ट. जनवाड्यात तेव्हा माल वाहायच्या ट्रकलाही मोटारच म्हणत. ही मोटार दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, पेट्रोलवर चालणारी. माणिकप्पानं ती सरकारी लिलावात घेतली आणि दहा-बारा वर्षं पोटच्या पोरासारखी चालवली. जाताना गुलबर्ग्याच्या बाजाराला तूर, येताना मीठ, पत्रे, मिळेल ते. लग्नसराईत वऱ्हाडं. लोक त्याला 'मोटारवाले माणिकप्पा' म्हणत आणि हे दोन शब्द त्याला गुळापेक्षा गोड लागत. घरची काळीभोर जमीन होती, नाही असं नाही. पण ती वडलांनी, अप्पांनी, मिळवलेली, आणि कसत होता ती धाकटा भाऊ सिद्धलिंगप्पा. माणिकप्पाचं स्वतःचं असं जगात जे काही होतं ते चाकांवर उभं होतं. मोटार गेली की आपण कोण? सिद्धलिंगप्पाचे थोरले भाऊ. हा विचार आला की त्याला बसल्या जागी घाम फुटे.

संक्रांतीच्या सुमारास गाडी भर रस्त्यात धूर ओकून बसली. बिदरच्या उस्तादानं बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि पानसुद्धा न थुंकता सांगितलं, "इसकू अब मिट्टी देव, माणिकप्पा. मय्यत हो गई."

माणिकप्पाचं डोकं सणकलं. जिवंत माणसाला तिरडीवर बांधायला निघाला काय हा! बैल जोडून त्यानं गाडी घरी ओढून आणली आणि आपणच दुरुस्त करीन म्हणून हट्टाला पेटला. त्याला ते काम येत होतं का? थोडं येत होतं. आणि ज्याला थोडं येतं त्याच्याइतका हट्टी माणूस देवानं दुसरा घडवलेला नाही. मुळीच न येणारा गप घरी बसतो, पुरतं येणारा वेळेवर सोडून देतो. हा मधला मरतो.

मग जे सुरू झालं ते काय सांगावं. एक नट ढिला होईना म्हणून त्याला तेल पाजलं, शिव्या घातल्या, हातोडी मारली, तर नट तसाच राहिला आणि पान्याचं तोंड फाटलं. एक स्प्रिंग हातातून उडाली ती शेजारच्या तुरीच्या भुसकटात गेली. दोन दिवस भुसकट चाळलं. स्प्रिंग मिळाली तोवर ती कुठं बसवायची हे विसरून झालेलं. इंजिन पुरतं जोडून झालं तेव्हा एक वॉशर हातात उरलं. माणिकप्पानं ते उलटून पाहिलं, सुलटून पाहिलं, खिशात टाकलं, जेवायला बसला, आणि घास तोंडाशी नेता नेता उठला. सगळं पुन्हा खोललं.

"जेवा तरी," चंद्रम्मा म्हणाली.

"ह्या वॉशरची जागा सापडू दे आधी."

"त्याची सापडंल ओ. तुमची जागा कुठं हाय ते बघा. चुलीपाशी न्हाई, शेतात न्हाई, गाडीत बी न्हाई. गाडीच्या खाली!"

त्याला राग येई, पण गाडीखालून भांडता येत नाही. डोकं आपटतं.

सिद्धलिंगप्पा ह्या सगळ्याला काही बोलत नसे. तो मुळातच कमी बोलणारा. दिवस बुडाल्यावर शेतातून येई, बैल बांधी, पाय धुई, अंगणातल्या सांगाड्याकडं एकदा बघी आणि आत जाई. ते बघणंच माणिकप्पाला झोंबत असे. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी मात्र तो पाय धुतल्यावर आत गेला नाही. गाडीच्या पुढ्यात उभा राहिला.

"अण्णा, भंगारवाल्याला सांगून आलोय."

गाडीखालचे पाय एकदम आत ओढले गेले आणि दुसऱ्या बाजूनं माणिकप्पाचं तोंड बाहेर आलं. "कुणाला इचारून?"

"दसऱ्यापातूर थांबतंय म्हणला त्यो. दसऱ्याला समदं गाव शीव ओलांडतंय. तुझी मोटार बी ओलांडू दे. आपल्या ताकदीनं. सुरू कराया धक्का चालंल, ढकलत न्यायची न्हाई. ओलांडली तर पुन्हा ह्या गाडीचं नाव काढायचा न्हाई मी. न्हाई ओलांडली तर भंगारात, आन् तू माझ्यासंगं शेतात."

"अन् मी न्हाई म्हणलं तर?"

"म्हणून बघ," सिद्धलिंगप्पा म्हणाला आणि आत गेला.

माणिकप्पा न्हाई म्हणू शकला नाही. त्या रात्रीपासून त्याला झोप म्हणून लागली नाही. कूस बदलली की एक नट आठवे, पुन्हा बदलली की दुसरा. गणपती आले, गेले. पितरपाट आला, गेला. घट बसले. इंजिन जोडून झालं आणि हँडल मारलं की आत काहीतरी हलू लागलं, पण पेट्रोल वर चढेना. दोष कार्बोरेटरमध्ये आहे, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या त्या पितळी डबीत, हे त्यानं अष्टमीला ताडलं. डबी काढली, खोलली, आतला गाळ साफ केला. बसवणार तेवढ्यात दिवस मावळला आणि दुसरा दिवस उजाडला तो खंडेनवमीचा.

आता इथं आमच्याकडची रीत सांगायला हवी. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं धुऊन पुसून देवापुढं मांडतात. विळा, कोयता, कुऱ्हाड, सुताराची किकरं, शिंप्याची कात्री. त्यांना भस्म, कुंकू, झेंडूचं फूल. एकदा पूजेला बसलं की दसऱ्याची पूजा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर राबलं, एक दिवस त्यालाही विसावा. चंद्रम्मानं पहाटेच अंगणभर फिरून पाने, पक्कड, हातोडी, जॅक, सगळं वेचून आणलं, चिंचेनं घासलं आणि घोंगडीवर ओळीनं मांडलं. घरातला थोरला म्हणून पूजा माणिकप्पानं करायची. प्रत्येक हत्याराला त्यानं भस्माचे तीन पट्टे ओढले. मग उठला, बाहेर गेला आणि उघडा कार्बोरेटर ओंजळीत घेऊन आला.

"ह्याला कामून?" चंद्रम्मानं विचारलं. "हे काय हत्यार हाय व्हय?"

"ह्येनंच समदं अडवून धरलंय. ह्याला तर दुप्पट लावतो."

आणि त्यानं खरोखरच भस्म पाण्यात दाट कालवून त्या डबीला बाहेरून लावलं, आतून लावलं, डोळे मिटून हात जोडले. भक्ती खरी होती. त्यात खोट काढायला जागा नव्हती.

पण तो दिवस! हत्याराला विसावा असतो, माणसाला कुठला? माणिकप्पा गाडीभोवती फिरला. ओसरीवर बसला. उठला. पुन्हा फिरला. एक नट त्यानं बोटांनीच आवळून पाहिला.

"बघायलेय मी," दारात तूर निवडत बसलेली चंद्रम्मा म्हणाली.

"हातानं आवळलं तर दोष न्हाई."

"देवाला काय कळत न्हाई असं वाटायलंय का तुमाला?"

त्यानं हात मागं घेतला. दुपारी देवघरापुढून उगाच तीनदा गेला. पाने तिथं फुलं घालून निवांत पडलेले. त्यांचा त्याला हेवा वाटला. एक दिवस उरला आणि तोही असा हातावर हात ठेवून घालवायचा, ह्या विचारानं त्याला रडू यायचं बाकी होतं.

दसऱ्याला पूजा झाली न झाली तोच त्यानं घोंगडीवरचे पाने खसकन उचलले. आरतीचं ताट चंद्रम्माच्या हातातच राहिलं. कार्बोरेटर पुसला, बसवला, पेट्रोल ओतलं, हँडल मारलं. इंजिन खोकलं! नऊ महिन्यांत पहिल्यांदा खोकलं. माणिकप्पाच्या अंगावर काटा आला. आणि ते गप झालं. पुन्हा हँडल. पुन्हा एक खोकला, पुन्हा गप. दुपारपर्यंत त्याच्या तळहाताला फोड आले. जेवणाच्या पुरणपोळ्या ताटात वाळून गेल्या.

उन्हं कलली तशी हलगी वाजू लागली. गाव नवे कपडे घालून शिवेकडं निघालं. शिवेवर शमीचं झाड आहे, त्याला इथं बन्नी म्हणतात. त्याची पानं लुटायची आणि सोनं म्हणून वाटायची. सिद्धलिंगप्पा पांढरा पटका बांधून भावाकडं न बघता पुढं गेला. तालमीतल्या पोरांनी हौसेनं मोटारीला खांदा लावला. "हर हर महादेव!" गाडी रस्त्यावर आली, वेग धरला, माणिकप्पानं क्लच सोडला. इंजिन खोकलं, दोन हिसके दिले आणि मारुतीच्या देवळापाशी बसलं. पुन्हा धक्का. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पोरं हसू लागली. शीव हाकेवर होती आणि सूर्य झाडाच्या शेंड्याला टेकलेला.

माणिकप्पा खाली उतरला. बॉनेट उघडलं. जीव नुसता तडफडत होता. पेट्रोल आहे, ठिणगी आहे, मग हिचा गळा दाबतंय कोण? त्यानं कपाळाचा घाम पुसला आणि हात पाहिला. घामानं कपाळावरचं भस्म भिजून बोटाला लागलं होतं, खिरीसारखं दाट.

"अग्गागा!" तो एवढा मोठ्यानं ओरडला की हलगीवाला वाजवायचा थांबला.

पान्यानं डबी खोलली. आतल्या पेट्रोल जायच्या केसाएवढ्या भोकात पांढरी गोळी घट्ट बसलेली. काल आपल्याच हातानं भरलेली. हसावं की रडावं त्याला कळेना. दोन्ही झालं. झाडणीची काडी कुणीतरी आणून दिली, त्या काडीनं त्यानं भोक कोरलं, तोंड लावून फुंकलं. पेट्रोल आणि भस्म जिभेवर एकदमच आलं. "भस्म कपाळाला बाबा, कपाळाला," पुटपुटत त्यानं डबी बसवली. पोरांनी खांदा लावला.

आणि मोटार सुरू झाली. खोकली नाही, थांबली नाही. पार आळंदापातूर ऐकू जाईल असा आवाज काढून, काळ्या धुराचा लोट सोडून ती मारुतीवरून निघाली. पोरं मागं धावता धावता दमली. शिवेचा दगड डाव्या हाताला आला आणि मागं गेला. बन्नीच्या झाडाखालचं सगळं गाव ओरडत होतं. माणिकप्पाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्यानं पुसलंही नाही.

गाडी थांबवली, पण इंजिन चालूच ठेवलं. बंद केलं आणि पुन्हा सुरू झालं नाही तर? लोक खिडकीशी येऊन पानं देऊ लागले. "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण," असं कानडीत म्हणत, बन्नी घेऊ आणि सोन्यासारखे राहू. गर्दी ओसरल्यावर सिद्धलिंगप्पा आला. पायरीवर चढून रीतीप्रमाणं थोरल्याच्या पायाला हात लावला, पानं हातात ठेवली आणि काहीतरी बोलला.

"काय?" माणिकप्पा ओरडला.

सिद्धलिंगप्पाचे ओठ पुन्हा हलले. इंजिनाच्या घरघरीत एक अक्षर ऐकू आलं नाही.

"काय म्हणायलास?"

सिद्धलिंगप्पानं हात हलवला. काही न्हाई, राहू दे. आणि खाली उतरला. आपला भाऊ एक गोष्ट दोनदा सांगणारा नव्हे, हे माणिकप्पाला ठाऊक होतं. आज तो दोनदा बोलला होता. त्याची पाठ वळली तेव्हा माणिकप्पाला ती नीट दिसली. नव्या सदऱ्याखाली खांद्याची हाडं वर आलेली. हा कधी एवढा वाळला? रोज अंगणातून जात होता, आपण रोज त्याचे पायच पाहिले, तेही गाडीखालून.

त्याचा हात स्विचवर गेला. नऊ महिने. सगळं गाव बघतंय. मग त्यानं स्विच फिरवला. इंजिन दोन गचके देऊन गप झालं आणि एकदम इतकी शांतता झाली की पानांची सळसळ ऐकू आली.

"सिद्धू! काय म्हणलास?"

सिद्धलिंगप्पा थांबला. मागं वळला. जमिनीकडं बघत बोलला, "म्हणलं, गाडी तुझी. भंगारवाल्याला न्हाई म्हणून सांगतो. पर परवा जोंधळ्याची पेरणी धरायचीय. तिफन हाकायला माणूस न्हाई. मला एकट्यानं होईना गेलंय, अण्णा."

होईना गेलंय, असं तो जन्मात कधी बोललेला नव्हता.

पोरं ओरडू लागली, "लावा की ओ पुन्हा! मोटारवाले, लावा!" दोघंतिघं धक्क्यासाठी मागं जाऊन उभेही राहिले. माणिकप्पा खाली उतरला आणि त्यानं दार लावून घेतलं.

"असू दे हितंच आजच्याला," तो म्हणाला. मग भावाकडं वळला. "कधी निघतूस तू शेताला?"

"तांबडं फुटायच्या आत."

"मला उठीव," माणिकप्पा म्हणाला. "न उठवता जाऊ नगंस."