उजवा कौल

देवीवर माझी श्रद्धा आहे की नाही, हे त्या वर्षी कुणी विचारले असते तर मला धड सांगता आले नसते. हैदराबादेहून पदवी घेऊन मी परभणीजवळच्या आमच्या खेड्यात परतलो होतो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी शाळेची चौथी इयत्ता ओलांडली नव्हती. त्यातच निजाम सरकारचा वजिफा, म्हणजे शिष्यवृत्ती, मला मंजूर झाला. सरकारी खर्चाने जपानला जायचे आणि कापड रंगवण्याच्या शास्त्रात पुढची पदवी घ्यायची. जाणार की नाही, हे पोळ्याच्या आत कळवायचे होते. गावाने माझ्या गळ्यात हार घातला आणि घरात त्याच दिवसापासून धुसफूस सुरू झाली.

घरात माय होती, थोरला भाऊ होता, वहिनी होती. वडील मी लहान असतानाच गेले. मायला दमा होता. दर हिवाळ्यात ती भिंतीला टेकून बसूनच झोपायची, आणि प्रत्येक हिवाळा मागच्यापेक्षा जड जात होता. मी गेलो तर परतल्यावर ती दिसेल, याची खात्री कुणीच देऊ शकत नव्हते. नाही गेलो तर तहसील कचेरीत कारकुनी होती, आणि ती मला जन्मभर पुरणारी होती. मला जायचे होते. तेवढे मात्र मला स्पष्ट कळत होते, आणि कळत होते म्हणूनच मायच्या समोर बसवत नव्हते.

दादाचे मत उघड होते. बैलांना पाणी दाखवून आला की तो ओसरीवर बसून मला ऐकवायचा.

"विलायतेला गेला असतास तर बालिस्टर तरी झाला असतास. जपानला जाऊन काय करायलास? बाजारात तिथलं कापड पाहिलं न्हाई का? पहिल्या धुण्यात रंग सोडतंय."

"म्हणून तर रंगाचं शिकायला जायलोय, दादा."

वहिनी तोंडाला पदर लावून हसली. दादा हसला नाही. "अन् मायचं काय झालं तर खांदा द्यायला जपानहून येशील का?" तो म्हणाला.

माय यात बोलत नसे. सकाळी भाकरी थापताना तिच्या डोळ्यांना धार लागते आणि ती धुराची नसते, हे मला वहिनीने सांगितले होते. शेवटी एके दिवशी मायच म्हणाली, "मी हो बी म्हणत न्हाई अन् न्हाई बी म्हणत न्हाई. देवीला कौल लावू. ती सांगंल तसं."

देवीचे ठाणे आमच्या गावाहून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, नदीच्या काठाला आहे. देवळासमोर एका सपाट शिळेवर कलिंगडाएवढा गोल, गुळगुळीत दगड ठेवलेला असतो. त्यावर दोन्ही तळहात हलके टेकून मनात प्रश्न धरायचा. दगड उजवीकडे फिरला तर देवीचा होकार, डावीकडे फिरला तर नकार. तिथली एक रीत अशी की, ज्याचा प्रश्न आहे त्याने दगडाला हात लावायचा नाही. प्रश्न जाण्याचा असेल तर माणूस ज्या घरातून जायचा, त्या घरच्या थोरल्या बाईने बसायचे. विज्ञान शिकून आलेल्या मला हे सगळे पोरकट वाटत होते. पण नकार आला तर दोष मायवरही येणार नाही आणि माझ्यावरही नाही, या विचाराने मी मुकाट्याने गाडीत बसलो.

माय दगडासमोर बसली. मी तिच्या समोर, हातभर अंतरावर होतो. दादा तिच्या पाठीशी उभा होता. गुरव म्हणाला, "हात हलके ठेव, माय. जोर लावायचा न्हाई. फिरवणारी ती हाय." मायने डोळे मिटले. दगड हलला नाही. बराच वेळ गेला. आमची हकीकत ऐकून मागे ताटकळलेली एक बाई दुसरीला म्हणाली, "देवी बी इचारात पडलीया. जपान कुठं हाय ते तिला तरी कुठं ठावं." आसपासचे लोक हसले. दादाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरायला लागला होता. न फिरलेला दगड म्हणजे नकारच, असे तो धरून चालला असावा. मीही मनातल्या मनात जपानचा नाद सोडून दिला होता.

आणि तेव्हा मी मायचे हात पाहिले. मनगटावरच्या शिरा टरारून वर आल्या होत्या. अंगठ्यांची नखे पांढरी पडली होती. कोपर किंचित थरथरत होते. डोळे तसेच मिटलेले, ओठ घट्ट दाबलेले. तिच्या छातीतली घरघर मला ऐकू येत होती. दगड हळूहळू, कुरकुरत, उजवीकडे फिरला.

गुरवाने आधी दगडाकडे पाहिले, मग मायच्या हातांकडे, मग माझ्याकडे. आयुष्यभर तो हेच काम करत आला होता. "उजवा कौल," एवढेच म्हणून त्याने माझ्या कपाळाला भंडारा लावला.

परतताना दादा बैलांशीच बोलत राहिला. माय डाव्या हाताने उजवे मनगट धरून बसली होती. घरी आल्यावर मी तेल कोमट करून तिच्या मनगटाला चोळले. तिने हात मागे घेतला नाही. "देवीचा दगड लय जड हाय रे," एवढेच ती म्हणाली. मीही काही विचारले नाही. विचारले असते तर तिला देवीसमोर खोटे तरी बोलावे लागले असते, नाहीतर माझ्यासमोर खरे.

मी जपानला गेलो. तिथला दुसरा हिवाळा चालू असताना दादाचे पत्र आले. माय जाऊन महिना होऊन गेला होता. "सगळे उरकले आहे. घाई करून येऊ नये," असे त्याने कुणाकडून तरी लिहवून घेतले होते. पदवी घेऊन परतलो, तर त्या शिक्षणाला साजेशी नोकरी मुलखात नव्हती. काही वर्षांनी युद्धात जपान शत्रू ठरला, तेव्हा पोलीस घरी येऊन माझी पुस्तके चाळून गेले. ती पदवी मी कुणाला दाखवेनासा झालो. परभणीच्या शाळेत मुलांना विज्ञान शिकवत माझा जन्म गेला. रंगाचे एकही भांडे मी कधी चुलीवर चढवले नाही. हे सगळे कडू आहे, आणि ते गोड करून सांगण्याचे कसब माझ्याजवळ नाही.

दादा पुन्हा देवीला गेला नाही. "तिनंच माझ्या मायला पोरापासून तोडलं," असे तो जन्मभर म्हणत राहिला. नवरात्रात घरी घटही बसू दिला नाही. एका वाक्यात मला देवीला सोडवता आले असते. कितीदा ते वाक्य ओठांवर आले. पण मग त्याचा सगळा राग मायकडे वळला असता, आणि गेलेल्या मायला तो कसा सोसवला असता? म्हणून मी गप्प राहिलो, आणि दादा देवीला दोष देत राहिला. आता दादाही राहिला नाही, म्हणून हे लिहितो आहे.

तो कौल देवीचा होता की मायचा, याचा निवाडा मी करत नाही. कौलावर सोडून देणे, हेच मी मनाशी समर्पण समजत होतो; ते नुसते निर्णय दुसऱ्यावर टाकणे होते. खरे समर्पण मायने केले, कारण जे द्यायचे होते ते तिचे होते. मी मात्र दरवर्षी त्या ठाण्यावर जातो. काही मागत नाही. माझ्या घराने त्या निरपराध देवीवर घातलेला आळ तिने इतकी वर्षे, एक शब्द न बोलता, मायच्या वतीने आपल्या अंगावर घेतला. तेवढ्यासाठी नमस्कार करतो आणि परत येतो.