लाकडाला हात न लावणारी

हौदातल्या पाण्यात बोट बुडवायचं, जिभेला लावायचं, थुंकायचं आणि म्हणायचं, "अजून समुद्र हाय आत." त्या संध्याकाळी हौद उपसायच्या आधी माझी बायको हेच म्हणाली. मग दोघांनी मिळून पाणी बदललं, घरी आलो, पिठलं-भाकरी खाल्ली. पहाटे तिच्या छातीत कळ आली. दुपारी पवनेच्या काठी तिला जाळून आलो.

तुम्ही म्हणाल, चिंचवडला समुद्र कुठला? नदीच्या कडेला एक पत्र्याची शेड होती. कोकणच्या समुद्रात बुडालेल्या जहाजांचं सामान पाणबुडे वर काढायचे, ते तिथं यायचं. नांगर, घागरी, फळ्या. आत मुरलेला खार निघेस्तोवर सगळं गोड्या पाण्यात ठेवायचं आणि पाणी बदलत राहायचं. वर्षं जायची त्यात. मी राखणदार. पाणी बदलणं, गाळ काढणं तिच्याकडं.

शेडचे साहेब शिकलेले. पाण्यात औषधाचा थेंब टाकायचे. दुधाळ झालं तर खार शिल्लक. ही त्याआधीच सांगून मोकळी.

"बाई, तोंडात घालू नका ते!"

"तुमचं औषध संपंल साहेब, माझी जीभ न्हाई."

घागरीच्या नक्षीतला गाळ ती बाभळीच्या काट्यानं काढायची. पण जीव फळ्यांवर. सुताराची लेक ना. ओल्या फळीवरून तळवा फिरवायची, "सागवान हाय. कुनीतरी मन लावून रंधा मारलाय." माझ्या पाठीवरून कधी इतक्या हळू हात फिरवला नाही. तरी तो तळवा अजून हवासा वाटतो.

एकदा साहेब बाहेरगावी होते, तेव्हा ती चाकणला माहेरी गेली. म्हटलं, येईस्तोवर तिचं एक काम हलकं करू. हौदातली एक फळी काढली आणि उन्हात टाकली. आमच्यात भिजलेलं लाकूड उन्हातच वाळवतात. दुपारपर्यंत ती कडाकडा तडकली, पापडासारखी वळली. शेकडो वर्षं समुद्रात टिकली, माझ्या हाती एक दिवस नाही.

संध्याकाळी ही परत आली. फळी बघितली. सकाळी साहेब आले, तर माझ्या पुढं होऊन म्हणाली, "मीच काढली, साहेब."

साहेबांनी तिला कामावरनं काढलं नाही. एवढंच म्हणाले, "बाई, यापुढं लाकडाला हात लावायचा नाही."

चार वर्षं लावला नाही. फळी उचलायची वेळ आली की पदराला हात पुसत बाजूला व्हायची आणि लांबून बघत राहायची.

मी म्हणायचो, "सांगून टाकतो आता."

"गप बसा. आधीच्या कंपनीनं एकदा काढलंय तुमाला. परत घरी बसला तर माझंच डोकं खाल." आणि हसायची. मी गप बसायचो. भित्रा होतो, दुसरं काय.

तिला जाळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भावकी म्हणाली, सुतक आहे, उंबरा ओलांडू नको. ओलांडला. शेडपर्यंत चालत गेलो. साहेब फळ्यांच्या हौदाशी वाकले होते. मला बघून सरळ झाले, "बस रे," म्हणाले. मी आत गेलो नाही. दाराबाहेर उभं राहूनच म्हणालो,

"ती फळी उन्हात मी टाकली, साहेब. ती तवा चाकणला हुती."