पप्पांनी खोडलेली विनंती

"खोड ते! आधी ते खोड!"

पप्पा ओरडले आणि आमच्या दिल्लीच्या सरकारी क्वार्टरच्या छताचा चुना माझ्या डोक्यावर पडला. मला ओळखणारे म्हणतील, झालं याचं सुरू. पण चुना खरोखर पडला होता. बाकी कशावरही शंका घ्या.

मी दहा वर्षांचा होतो. हातात चिठ्ठी होती आणि तिच्यावर पाच शब्द: आईला बरं करून घरी आण. तेवढ्यावरून तो आरडाओरडा.

चिठ्ठी कसली ते सांगायला हवं. संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना आम्हा ख्रिस्ती लोकांच्या बहुतेक घरांत असते. सगळ्यांत लहान असेल त्याने सुरुवात करायची आणि एकेकाने मोठ्याने देवाशी बोलायचं. आमच्याकडे मात्र पप्पांनी तिला मंत्रालयाची शिस्त लावली होती. ते सेक्शन ऑफिसर. त्यांच्या आवाजाने खालच्या मजल्यावरच्या पंजाबी आजींचं, बीजींचं, दूध नासायचं आणि इंडिया गेटवरचे फुगेवाले फुगे सोडून पळायचे. साडेसहाला ताईने आणि मी आपापल्या मागण्या चिठ्ठीवर लिहून त्यांच्यापुढे ठेवायच्या. ते निळ्या पेन्सिलीने तपासायचे. जे पास होईल तेच सात वाजता देवाकडे जायचं.

"अर्ज नेहमी थ्रू प्रॉपर चॅनेल," पप्पा म्हणायचे. "थेट वर पाठवला की मेमो मिळतो."

"देवपण मेमो देतो?" मी एकदा विचारलं.

"देव बाप आहे. बापापुढे वाट्टेल ते बडबडायचं नसतं."

ताईने लिहिलं, गणितात पास कर. त्यावर दुरुस्ती झाली: अभ्यास करण्याची बुद्धी दे. मी सायकल मागितली. त्यावर शेरा पडला, 'विचाराधीन'. ती तीन वर्षं विचाराधीन होती. तोवर माझे पाय इतके लांब झाले, की ती मंजूर झाली असती तरी मला उंट लागला असता.

असा माझ्या मनातला स्वर्गातला बाप तयार झाला. पप्पांच्यापेक्षा मोठी खोली, मोठं टेबल, खिडकीत कूलर, आणि हातात खांबाएवढी निळी पेन्सिल. आवाजही अर्थात मोठा. पप्पांच्याहून मोठा आवाज म्हणजे काय असेल, या विचारानेच मी भर मे महिन्यात पांघरूण डोक्यावर ओढायचो. लोक 'देव आपला पिता आहे' असं म्हणताना डोळे मिटून हसतात. ते का हसतात ते मला कळायचं नाही.

आईचं वेगळंच होतं. ती पोळ्या लाटता लाटता देवाशी बोलायची. चिठ्ठी नाही, शेरा नाही. "बापा, आमटीत मीठ जास्त पडलंय बघ. आता हे जेवायला बसतील, तूच सांभाळ." एवढी साधी भाषा. जणू तो पलीकडेच वेताच्या मोड्यावर बसून शेंगा सोलतोय. पप्पा बाहेरच्या खोलीतून हे ऐकायचे, पण तिथे त्यांची पेन्सिल पोचत नव्हती. आईचा बाप कुणी दुसराच असणार, आणि तो आम्हाला लागू नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

मग तिचे पाय सुजले. मग चेहरा सुजला. डॉक्टर 'किडनी' म्हणाले आणि आई घरातून इस्पितळात गेली. कोपऱ्यातल्या चटईवरची तिची जागा आम्ही रिकामी ठेवली. प्रार्थनेच्या वेळी ताई तिथे बघायची नाही. मी तिथेच बघायचो.

तेव्हा मी ते पाच शब्द लिहिले आणि पप्पांनी छत डोक्यावर घेतलं. मी खोडायला तयार नव्हतो, तर त्यांनी चिठ्ठी ओढून घेतली, स्वतः निळी रेघ मारली आणि खाली लिहिलं: आईला शांती दे.

"मला शांती नको," मी म्हणालो. "आई पाहिजे."

पप्पांनी घड्याळ बघितलं. "सात वाजले," ते म्हणाले, आणि आम्ही शांती मागितली.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तेच लिहिलं. तिसऱ्या दिवशीही. हे सांगताना मी शंभर चिठ्ठ्या म्हणतो, ऐकणाऱ्याचा चेहरा चांगला असेल तर दोनशे. खऱ्या नऊ होत्या. नऊच्या नऊ खोडल्या गेल्या. शेवटी शेवटी पप्पा ओरडायचेही नाहीत. रेघ मारायचे आणि चष्मा पुसत बसायचे. त्याआधीच्या आरडाओरड्याने बीजी मात्र एकदा वर येऊन दारातूनच विचारून गेल्या होत्या, "ओ भाईसाब, आपका रब ऊँचा सुनता है क्या?" म्हणजे, तुमच्या देवाला कमी ऐकू येतं का?

मेमोची भीती बाजूला ठेवून मी थेट प्रयत्नही केला. गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे गेलो, गुडघे टेकले, डोळे मिटले, "हे बापा" म्हणालो. आणि पुढे कुणीतरी डोक्यात पप्पांच्याच आवाजात म्हणालं, 'आधी खाली दाखवून आण.' मी उठलो आणि गुडघे झाडून खाली आलो.

रविवारी आम्हाला वॉर्डात जाऊ द्यायचे. आईच्या बांगड्या काढून ठेवल्या होत्या. तिचे हात दुसऱ्याच कुणाचे वाटत होते.

"प्रार्थना करतोस ना रे?" तिने विचारलं.

"रोज!" मी म्हणालो. "इतक्या मोठ्याने करतो, की खाली बस थांबते. कंडक्टर टोपी काढतो. बीजी म्हणतात, बेटा, बस कर, तुझ्या आईला घरी सोडल्याशिवाय देव झोपणार नाही."

आई हसली. हसताना तिला खोकला आला. पप्पा खिडकीपाशी थर्मास धरून उभे होते, ते वळले नाहीत.

"मग झालं," ती म्हणाली. "बापाला सांगितलंस ना, मग झालं."

मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या आहेत. माझं बरंचसं पोट त्यांच्यावर चाललं. पण पहिली मोठी थाप ती. मी देवाला काहीच सांगितलं नव्हतं.

त्याच दुपारी मराठी उपासना होती. दिल्लीत आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना स्वतःचं चर्च नव्हतं. महिन्यातल्या एका रविवारी, हिंदीवाल्यांची उपासना आटोपली की त्यांची इमारत आम्हाला मिळायची. त्यात एक वेळ अशी असायची, की ज्याला वाटेल त्याने उभं राहून प्रार्थना करावी. तिथे चिठ्ठी नव्हती. वॉर्डातून येतानाच मी बसमध्ये ठरवलं, की आज सगळ्यांदेखत सांगायचं. पाळकसाहेबांसमोर पप्पा पेन्सिल थोडीच काढणार!

ती वेळ आली आणि मी उठलो. अख्खी दिल्ली माझ्याकडे बघत होती. म्हणजे चाळीसेक माणसं.

"हे बापा," मी म्हणालो, "माझ्या आईला..."

पप्पांनी माझं मनगट धरलं. जोरात नाही. त्यांचा हात थंड होता. मी खाली बघितलं तर त्यांनी मान हलवली, नको म्हणून.

"...शांती दे," मी म्हणालो. "आमेन."

सगळे आमेन म्हणाले. गुरुवारी आई गेली.

दहा वर्षांच्या मुलाला हिशेब सरळ दिसतो. अर्ज वर गेलाच नाही. पप्पांच्या टेबलावर अडला. गेला असता तर मंजूर झाला असता, कारण वर बसला होता तो आईचा बाप होता, मिठाचंही ऐकून घेणारा. पप्पांनी ती निळी पेन्सिल नंतर पुन्हा कधी हातात घेतली नाही, चिठ्ठ्याही बंद केल्या. तेही मला गुन्ह्याची कबुलीच वाटली. पप्पांशी मी फार भांडलो नाही. फक्त प्रार्थनेत 'बाप' म्हणायचं सोडलं. प्रभू म्हणालो, देवा म्हणालो, परमेश्वरा म्हणालो. तो एक शब्द सोडून सगळे. माझ्या लग्नात म्हणालो नाही, मुलीच्या बाप्तिस्म्यात म्हणालो नाही. कुणाच्या लक्षात येत नाही असं समजत होतो.

पप्पा रिटायर होऊन फरीदाबादला राहिले, ताईच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये. छत हलवणारा तो आवाज आता बाल्कनीपर्यंतसुद्धा जात नाही. कानही गेले. रविवारी मी जातो, त्यांची दाढी करून देतो आणि नखं कापतो. गेल्या हिवाळ्यात असाच एक रविवार होता. ऊन असून नसल्यासारखं होतं. ताटं वाढली आणि पप्पा म्हणाले, "तू प्रार्थना कर."

मी केली. चार ओळींची.

डोळे उघडून ते म्हणाले, "तू बाप म्हणत नाहीस. आई गेल्यापासून."

माझा घास हातात राहिला. इतकी वर्षं ओठांपर्यंत आलेला प्रश्न मी हळू आवाजात विचारला. त्यांनी कानामागे हात धरला. मी पुन्हा विचारला. त्यांनी पुन्हा हात धरला. मग मी ओरडलो. असा ओरडलो, की शेजारून ताई धावत आली आणि खालचा भाजीवाला वर बघायला लागला.

"आईसाठीची माझी विनंती तुम्ही वर का जाऊ दिली नाहीत?"

पप्पांनी आमटीत चमचा फिरवला.

"मी माझ्या नावाने दिली होती," ते म्हणाले. "रोज. डॉक्टरांनी सांगितलं, काही उरलं नाही. तेव्हा कळलं, तो नाही म्हणालाय. तू मागितली असतीस तर तुलाही नाहीच म्हणाला असता. मग तू त्याच्यावर रुसला असतास. माझ्यावर रुसलास. चाललं."