बापूकाकांचा खून आणि माझा जबाब

हसू नका हं, पण मी एकदा एका धडधाकट माणसाचा खून पकडलाय. तोही भरदुपारी, पोलीस पाटलाच्या देखत!

त्या दुष्काळात आमची जनावरं दूध सोसायटीच्या चारा छावणीत होती. घरटी एकानं जनावरांपाशी राहायचं, असा नेम. आमच्या घरची मी. काम काय? आधी चाऱ्याच्या ट्रकची वाट बघायची, मग टँकरची. जिवाची नुसती तगमग.

त्यात वाचनालयातली एक रहस्यकादंबरी हाती लागली. नवऱ्याच्या खुनात अडकलेली बाई स्वतःच सगळी गोष्ट सांगते. पण पोलिसाला एक, शेजारणीला दुसरं. पानागणिक जबाब बदलते. निम्मं पुस्तक वाचून झालं, तोवर मला सख्ख्या आईचाही संशय यायला लागला होता.

आमच्या शेजारच्या दावणीला कौसल्याकाकू. त्यांचे यजमान बापूकाका, सोसायटीचे माजी चेअरमन. पंधरा एकरांचे मालक, अंगात कायम पांढराशुभ्र सदरा, आणि घरात पाण्याचा तांब्यासुद्धा आपल्या हातानं घेणार नाहीत. ते चार दिवस दिसले नाहीत, म्हणून विचारलं. काकू म्हणाल्या, घाटनांदूरला भावाकडं गेलेत. संध्याकाळी पलीकडच्या गयाबाईला म्हणाल्या, माजलगावला लेकीकडं गेलेत.

झालं. कादंबरीतली ती बाई माझ्या डोळ्यांपुढं उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी बघते तर काकू म्हशीमागं लपून काकांचा सदरा धूत होत्या. आता तुम्हीच सांगा, घरटी दोन घागरी पाणी मिळत असताना कोण बाई अख्खी घागर एका सदऱ्यावर ओतेल? आणि गावाला गेलेल्या माणसाचा सदरा इथं कसा? वर त्याच्यावर लाल डाग!

कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. तडक पोलीस पाटलांकडं गेले. ते माझे चुलत सासरे, त्यामुळं खुनाची खबरसुद्धा डोक्यावर पदर घेऊन द्यावी लागली. पाटील उठले, आणि त्यांच्यामागं निम्मी छावणी उठली.

पाटलांनी ओला सदरा उन्हात धरला, नाकाशी नेला.

"सूनबाई, ह्याला लसणाचा वास यायलाय. मटणाचा रस्सा हाय ह्यो."

सगळे हसले. गप्प बसावं की नाही माणसानं? पण मी कसली ऐकते! म्हटलं, मग काका कुठंयत? घाटनांदूरला का माजलगावला? दोन्ही कसं खरं असेल?

हसणं थांबलं. सगळे काकूंकडं बघायला लागले. काकूंचा चेहरा पार उतरला. त्यांनी माझं मनगट धरून मला म्हशीच्या पलीकडं ओढलं.

"मांजरसुंब्याला ढाब्यावर रोजानं भाकऱ्या थापायलेत," त्या कानाशी पुटपुटल्या. "ट्रकवाल्यासंगं सदरा धाडला धुवायला. लोकांला कळलं तर ते तोंड दाखवायचे न्हाईत. तूच घालवलीस, आता तूच अब्रू राख, शैले."

आता काका स्वतःच त्या भाकऱ्यांची फुशारकी मारतात, म्हणून तुम्हाला सांगते. तेव्हा मात्र माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पाण्याचा तांब्या न उचलणारा माणूस परातीपुढं बसला होता, आणि मी त्याचा सदरा गावभर मिरवला होता. फार लाज वाटली स्वतःची. (भाकऱ्या थापतील, पण सदरा धुवायला बायकोच लागते, हेही मनात येऊन गेलं.)

पदर सावरून बाहेर आले. पाटील म्हणाले, काय झालं?

"घाटनांदूरलाच आहेत," मी म्हटलं. "भावाकडं."

"मग मघाशी ते खोटं कावून म्हणलीस?" गयाबाई म्हणाली.

"म्हणजे... माजलगावला. लेकीकडं."

"कौसल्याची लेक तर सकाळी हितं डबा देऊन गेली की, बापाचं नाव बी काढलं न्हाई तिनं."

म्हटलं, अंबाजोगाईला आहेत, दवाखान्यात, मोतीबिंदूचं ऑपरेशन. पाटलांनी विचारलं, कोणता डोळा? मी म्हटलं, दोन्ही.

पाटलांनी माझ्या काखेतली कादंबरी काढून घेतली. मुखपृष्ठावरची सुरी धरलेली बाई बघितली, मग मला बघितलं.

"सूनबाई," ते शांतपणे म्हणाले, "बापूला तू शेवटचं कवा बघितलंस?"

त्या दिवसापासून गयाबाई आपला विळा उशाशी घेऊन निजायला लागली. मी टँकरच्या रांगेत उभी राहिले की पुढच्या बाया आपोआप बाजूला व्हायच्या. पाणी तेवढं लवकर मिळायचं.

आठ दिवसांनी बापूकाका आले. पांढराशुभ्र सदरा, दोन्ही डोळे ठणठणीत. सगळी छावणी गोळा झाली. पाटलांनी विचारलं, बापू, होतास कुठं?

काकूंनी त्यांना सगळं आधीच सांगितलं असावं. काकांनी टोपी सरळ केली, माझ्याकडं बोट दाखवलं आणि म्हणाले, "आमच्या शैलाला इचारा. ती सांगंल तेच खरं."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. आणि खरं सांगते, आपण शेवटी कोणतं गाव सांगितलं होतं, ते मला काही केल्या आठवेना!