दगड दाखव

आमच्या घरात पहिली पदवी माझी. भूगर्भशास्त्राची, म्हणजे साध्या भाषेत दगडांची. आई तेव्हा पार्ल्यातल्या घरांत पोळ्या लाटायला जायची. तिथल्या एका काकूंनी तिला विचारलं होतं, दगड शिकून तुमची पोरगी करणार काय? आई म्हणाली, तुमची कॉमर्स शिकून काय करते? काकूंची मुलगी त्या वेळी घरीच बसून होती. ते काम सुटलं. आईला त्याचं काही वाटलं नाही.

आम्ही राहतो अंधेरी पश्चिमेला, गिल्बर्ट हिलच्या पायथ्याशी. आमच्या गल्लीच्या टोकाला भिंत नाही, टेकडीच आहे. काळ्या दगडाचे उभे खांब, उसाची मोळी उभी करून ठेवावी तसे एकमेकांना चिकटलेले. लाव्हा थंड होताना आकसतो, तडकतो आणि तडे सरळ खाली उतरत जातात, त्याचे हे खांब. पायथ्याशी उभं राहिलं की ते उभेच्या उभे दिसतात. वर पोचलं की खांब दिसतच नाहीत. दिसतात ती फक्त त्यांची डोकी, ओबडधोबड फरशीसारखी. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आईला साखरेचा त्रास निघाला तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं. अंधेरीत चालायचं कुठे? मग आम्ही दोघी उजाडायच्या आत टेकडी चढायला लागलो. वर देवीचं देऊळ आहे. आम्ही बौद्ध, देवळाशी आमचं काही नाही, पण पुजारी प्रसाद घेऊन कठड्यापर्यंत यायचे. आई हात पुढे करायची आणि म्हणायची, खडीसाखर नको, खोबरं तेवढं द्या. ते हसून खोबरं निवडून द्यायचे. कठड्यापाशी थोडा खडक उघडा आहे, त्यावर आम्ही बसायचो. खाली सगळे टॉवर. आई त्यातले आपण काम केलेले मजले दाखवायची आणि मी तिला तिच्या बुडाखालच्या दगडाचं वय सांगायची. सहा-साडेसहा कोटी वर्षं. "मग जरा जपूनच बसते," ती म्हणायची.

पुढे सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि मी वर्षभरासाठी स्कॉटलंडला गेले. उन्हाळ्यात प्रबंधासाठी एका बेटावर राहायचं होतं. गंमत अशी की विमानाने इतक्या लांब जाऊन मी पोचले ती बेसॉल्टवरच. तोच काळा दगड, त्याच पायऱ्या-पायऱ्यांच्या टेकड्या, समुद्राच्या कडेला तेच खांब. फक्त वर ओलं गवत आणि मेंढ्या. मी आईला सांगितलं की हा दगड आपल्यापेक्षा थोडा लहान आहे. ती म्हणाली, म्हणजे आपलाच धाकटा भाऊ, परदेशात सेटल झालेला.

मी तिथे पहाटे चढायला निघायची. तेव्हा अंधेरीत दिवस चांगला वर आलेला असायचा. आई म्हणाली, मी पण उशिरा चढत जाईन, तू तिकडे चढ, मी इकडे. मग रोज व्हिडिओ कॉल. रेंज असेल तिथे मी थांबायची आणि तिला सगळं फिरवून दाखवायची. तिला पहिल्या दिवशी प्रश्न पडला की एवढी मोकळी जागा आणि एकही घर कसं नाही? मी तिला पडक्या दगडी भिंती दाखवल्या. इथे माणसं राहायची, जमीनदारांनी मेंढ्यांसाठी त्यांना हाकललं, असं सांगितलं. तिने मला फोन भिंतीजवळ न्यायला लावला. मग म्हणाली, "भिंती चांगल्या बांधल्या होत्या गं."

मग एक दिवस तिने फोन केला आणि म्हणाली, वर आलेय, हे बघ. मला खात्री पटावी म्हणून तिने फोन थोडा तिरका धरला आणि पाठीमागचा खडक दाखवला. बघ, तुझा दगड.

तिच्या खांद्यामागे खांब उभे होते. उभेच्या उभे.

मी ओल्या गवतात उभी राहिले. म्हटलं, "आई, तू खाली आहेस."

"काय बोलतेस, वर आहे ना."

"वरून खांब दिसत नाहीत, आई. तू पायथ्याशी आहेस. किती दिवस?"

तिने फोन सरळ केला. मागून कुणाचा तरी कुकर वाजला, म्हणजे गल्लीतच होती. मग म्हणाली, "तुला शिकवलं, तो दगड माझ्यावरच उलटला."

माझा भाऊ रिक्षा चालवतो. त्याला फोन केला, तेव्हा त्याने सगळं सांगितलं. मी गेले त्याच्या पुढच्याच महिन्यात तिला पायऱ्यांवर दम लागायला लागला होता. हृदय मोठं झालंय, चढायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. तिने भावाला शपथ घातली होती. रोज माझ्या वेळेला ती साडी नीट करून गल्लीच्या टोकाला जायची, शिंप्याच्या दुकानातलं स्टूल मागून घ्यायची आणि टेकडीला पाठ लावून बसायची. दम लागलेला असायचाच. मला वाटायचं, चढून आलीय.

मी म्हटलं, मी परत येते. भाऊ पण म्हणाला, ये. मला एवढंच हवं होतं की एकदा तरी आम्ही दोघी परत वर त्या कठड्यापाशी बसू. आई ऐकेना. दोन दिवस तिने फोनच घेतला नाही. तिसऱ्या दिवशी घेतला आणि म्हणाली, "मला अर्ध्यावरून उतरायला लागलं ना? मग तू उतरायचं नाही. पूर्ण करून ये. मी थांबते."

मी प्रबंध पूर्ण केला. ती थांबली.

मी आले तेव्हा ती निम्मी झाली होती. घरातून गल्लीच्या टोकापर्यंत यायला मध्ये दोनदा टेकायची. वर नेण्याचा प्रश्नच नव्हता. भाऊ म्हणाला, खुर्चीत बसवून चौघं उचलून नेऊ. आई भडकली. "उचलून न्यायची वेळ येईल तेव्हा न्या."

मग तिनेच रीत पाडली. पहाटे आम्ही दोघी निघायचो. शिंपी तिच्यासाठी रात्री स्टूल बाहेरच ठेवायचा, त्यावर ती बसायची, डोकं मागे खांबाला टेकायची आणि मला म्हणायची, जा. मी वर जायची आणि तिथून व्हिडिओ कॉल लावायची.

पहिल्या दिवशी मी तिला टॉवर दाखवले, आकाश दाखवलं. ती म्हणाली, "ते राहू दे. तू वर आहेस कशावरून? दगड दाखव."

मी फोन खाली धरला. कठड्यापाशी खांबांची डोकी, आम्ही बसायचो ती जागा. ती नीट बघत राहिली.

"हां," ती म्हणाली. "वर आहेस."

थंडी सुरू होईपर्यंत हे रोज चाललं. पुजारी माझ्या हातात खोबऱ्याचा तुकडा ठेवायचे, तो मी मुठीत धरून खाली आणायची. शेवटी शेवटी ती तो चावायची नाही, नुसता गालात धरून ठेवायची. जानेवारीत हॉस्पिटलमध्ये ठेवलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईला ती सांगत होती, माझी पोरगी दगड बघून माणूस कुठे उभं आहे ते सांगते, हिला फसवता येत नाही. चार दिवसांनी गेली. भाऊ आणि गल्लीतली पोरं, चौघांनी उचललं.

आता मी एका कॉलेजात शिकवते. पहाटे टेकडीवर जाते, पण कठड्यापाशी फार वेळ बसवत नाही. उतरून आले की शिंप्याच्या दुकानाशी थांबते. दुकान बंद असतं त्या वेळी. मागच्या खांबावर, बसलेल्या बाईच्या डोक्याच्या उंचीला, हाताच्या पंजाएवढा डाग आहे. खोबरेल तेलाचा. ती रोज केसांना चोपडायची. बाकीचा दगड करडा दिसतो, तेवढाच भाग काळाभोर, गुळगुळीत.

हा दगड तेल आत घेत नाही. फार घट्ट असतो, सगळं वरच राहतं. डाग दोन पावसाळे टिकणार नाही, कदाचित एकही नाही. एवढं मला नक्की कळतं, त्यासाठीच शिकले.

सध्या मे महिना चालू आहे.