बेतून कापलेली नववी

शिवणकामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, तरी गल्लीत तिला सगळे मास्तरीण म्हणत. सुरुवात झाली ती चिडवण्यापासून. पण तिनं ते नाव असं काही मिरवलं, की चिडवणाऱ्यांचीच पंचाईत झाली. कुणी येता-जाता विचारलं, "काय मास्तरीण, भरली का शाळा?" की ती तोंडातल्या टाचण्या काढून म्हणायची, "भरली की! तुमच्या नातवाला पाठवताय का? सातचा पाढा अडतोय म्हणे त्याचा." विचारणारा पुढच्या वेळी पलीकडच्या कडेनं जायचा.

झालं होतं असं, की तिचा नवरा रस्त्याच्या कामावर रोलर चालवायचा. रस्ता जाईल तिकडे बिऱ्हाड. पोरगी दर नव्या शाळेत मागच्या बाकावर बसायची आणि आधीच येत असलेली अक्षरं पुन्हा गिरवायची. तिसऱ्या शाळेतही तेच झालं, तेव्हा आईचं डोकं फिरलं. "बास झालं," म्हणाली, आणि पोरीला कपडे बेतायच्या मोठ्या टेबलाशी बसवून स्वतःच शिकवायला लागली. पुढे नवऱ्याचं काम एका जागी आलं, घर मिळालं, पुढच्या खोलीत दुकान थाटलं, पण पोरीची शाळा टेबलावरून काही हलली नाही. अख्ख्या वस्तीचे गणवेश शिवणाऱ्या बाईच्या पोरीला गणवेश नाही, यावर लोकांनी काय कमी तोंडसुख घेतलं? घेऊ देत. पोरगी शिकली ती शिकलीच, आणि खरं सांगायचं तर आईही शिकली. तिची स्वतःची शाळा अर्ध्यावर सुटलेली. दुपारी ती कोटांना हातशिलाई करायची आणि पोरगी मोठ्यानं इतिहास वाचायची. तोंडात टाचण्या असल्यामुळे आईला नुसतं "हं" म्हणता यायचं. पण त्या हंचेही प्रकार होते. पुढे वाच, हे पटलं नाही, आणि अरे देवा, मेला की काय तो राजा!

पोरीला घरात बिटकी म्हणायचे. आता ती आईपेक्षा बोटभर उंच झाली होती, तरी बिटकीच. रोज सकाळी ती जनावरांच्या डॉक्टरांकडे मदतीला जायची. कुत्री धरायची, हत्यारं उकळायची, वासरांच्या लाथा चुकवायची. मोठेपणी जनावरांची डॉक्टर व्हायचं, हे तिचं ठरलेलं होतं आणि त्यावर चर्चा बंद होती. डॉक्टर तिच्यावर खूश होते, फक्त एका बाबतीत त्यांचं तोंड वाकडं व्हायचं. सरावाला त्यांनी तिला चामड्याचा तुकडा दिला होता, आणि त्यावरचे तिचे टाके बघून ते कपाळावर हात मारायचे. "अगं, हे बघून गाय दावं तोडून पळेल."

आठवीपर्यंत घरच्या शिक्षणात कुणी फारसं नाक खुपसलं नव्हतं. नववीपासून मात्र गोष्ट वेगळी. कोणते विषय घेणार, कुणाकडे शिकणार, आठवडा कसा लावणार, हे सगळं शिक्षण खात्याच्या तपासनीस बाई घरी येऊन बघणार. त्यांना पटलं तर ठीक, नाहीतर सत्र सुरू होताच पोरगी चारचौघांसारखी शाळेत. म्हणजे सकाळची घंटा, आणि डॉक्टरांकडची सकाळ कायमची बंद. बिटकीला जेवण गोड लागेना.

मास्तरीण मात्र बिनधास्त. "वेळापत्रकाला काय घाबरायचं? आठवडा म्हणजे कापड, विषय म्हणजे तुकडे. बेतायचं आणि कापायचं!"

तिनं खरोखरच तसं केलं. टेबलावर खडूनं सोमवार ते शनिवार आखला. तासाला चार बोटं असं माप धरून खाकी कागदाचे तुकडे कापले. गणिताचा लांबलचक, बाहीसारखा. रसायन आणि जीवशास्त्राचे दोन ऐसपैस, कारण ते प्रयोगशाळेत, पुलापलीकडच्या कॉलेजात. तिथे नववीचे वर्गही होते, आणि बाहेरच्या मुलांना हव्या तेवढ्या तासांना बसू देत. दोन भाषांचे, भूगोलाचा, सकाळच्या डॉक्टरांचा. हस्तकला सक्तीची, म्हणून शनिवारी कॉलेजातच चित्रकला. आणि इतिहास अर्थातच घरी, आईपाशी, दुपारी. मग ती तुकडे फिरवत बसली, हा उलटा कर, तो आडवा सरकव. कमी कापडात जास्त कपडा काढण्यात तिचा हातखंडा होता. तिच्या कात्रीखालून चिंधी निघत नाही असं लोक म्हणायचे, आणि ते ऐकलं की ती दिवसभर गुणगुणायची. शेवटचा तुकडा बसला तेव्हा टेबलावर खडूची रेघसुद्धा दिसत नव्हती.

"बघ," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "सूतभर जागा वाया नाही."

तपासनीस बाई आल्या. भारदस्त, घामाघूम, चष्मा पुसत स्टुलावर बसल्या. असलं वेळापत्रक त्यांनी जन्मात बघितलं नव्हतं, तेव्हा आधी त्या टेबलाभोवती कौतुकानं एक चक्कर मारून आल्या. मग त्यांनी रसायनाच्या तुकड्यावर बोट ठेवलं.

"हा तास कॉलेजात संपतो. त्याला चिकटून इतिहास. तो कुठे?"

"इथेच, या टेबलाशी," मास्तरीण म्हणाली. "एक फट सोडलेली नाही मी."

"तेच म्हणते. पूल ओलांडून ही येणार कधी? आणि जेवणार कधी? गणिताच्या पोटात?"

बिटकीला फस्सकन हसू आलं आणि लगेच तिनं तोंड दाबलं. मास्तरणीला मात्र कुणी मुस्काटात मारल्यासारखं झालं. शिलाईची जागा! कडेनं शिलाईला जागा सोडल्याशिवाय कापड कापायचं नाही, हे हाताखाली आलेल्या प्रत्येक पोरीला ती पहिल्याच दिवशी दटावून सांगायची. आणि स्वतःच्या पोरीचा आठवडा कापायला बसली, तर चिंधी वाचवायच्या नादात तेवढंच विसरली. असा कोट कुणी कापला असता, तर तिनं त्याला उंबऱ्याबाहेर काढलं असतं.

"मुलगी हुशार आहे, दिसतंय मला," तपासनीस बाई उठत म्हणाल्या. "पण एवढं ठासून भरलेलं मी मंजूर करणार नाही. मागच्या गल्लीत अजून एक घर बघायचंय. येताना परत डोकावते. तोवर काही सुचलं तर बघा. नाहीतर शाळाच बरी."

त्या गेल्या. मग बिटकीनं हात पुढे केला आणि डॉक्टरांचा तुकडा उचलला.

"हा काढू या, आई. डॉक्टरांकडे सुट्टीत जाईन मी."

"ठेव तो खाली."

"पण मग..."

"ठेव म्हणते ना! ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तेच काढून टाकतेस? गळाच कापून टाकला तर कोट घालायचा कुठून?"

मास्तरणीनं पदर खोचला. पोरगी प्रयोगशाळेसाठी कॉलेजात जाणारच होती. मग त्याच दिवशी, त्याच्या आधी तिथे इतिहासाचा तास होता तोही धरला, तर जाणं-येणं एकाच खेपेत भागत होतं. हे तिला केव्हाच दिसलं होतं. बघायचं नव्हतं, एवढंच. तिनं दुपारचा इतिहास स्वतःच्या हातानं उचलला आणि मशीनच्या फळीवर ठेवला. सगळे तुकडे थोडे थोडे सुटे झाले, मधून खडू दिसायला लागला.

"कॉलेजातले सर माझ्यापेक्षा चांगलं शिकवतील," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. डोळ्यांत काही गेलं वगैरे सोंग तिनं केलं नाही. "मला वाईट वाटतंय गं. ती दुपार माझी होती."

बिटकी तुकड्यांकडे बघत राहिली. शनिवारचा तुकडा अजून टेबलाच्या काठाशी अडकून बसला होता. एका चित्रकलेसाठी पुन्हा पूल, पुन्हा अर्धा दिवस.

"आई, हस्तकलेत चित्रकलाच हवी असं कुठे आहे?"

"मग काय, टोपल्या विणणार आहेस?"

"शिवण."

मास्तरीण ताडकन वळली. "काहीतरीच काय! माझी पोर मशीनवर बसणार नाही, हे मी तू पाळण्यात असताना ठरवलंय."

"मशीन कोण म्हणतंय? हातशिलाई." बिटकीनं पिशवीतून तो चामड्याचा तुकडा काढून तिच्यासमोर आपटला. "डॉक्टर रोज माझी सालं काढतात, आणि कोटाच्या अस्तराला न दिसणारा टाका घालणारी बाई माझ्या घरात बसलीय!"

मास्तरणीनं चामडं उजेडात धरलं. उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. "शी," ती मनापासून म्हणाली. "हे टाके आहेत की मुंग्यांची पळापळ?" आणि तिनं शनिवारचा तुकडा उचलून त्याचे दोन काप केले.

तपासनीस बाई परत आल्या तेव्हा टेबलावर भरपूर खडू दिसत होता. त्यांनी बोटानं एकेक दिवस चालून बघितला, पूल ओलांडला, जेवल्या, परत आल्या. मग हस्तकलेच्या तुकड्यांपाशी थांबल्या. "शिवण? दोन दुपारी, घरी? शिकवणार कोण?"

"माझी आई," बिटकी म्हणाली. "या वस्तीत तिच्या तोडीचं कुणी नाही."

बाईंनी भिंतीवर टांगलेल्या कोटांकडे एक नजर टाकली आणि सही ठोकली. जाता जाता स्वतःच्या ब्लाउजची उसवलेली बाहीसुद्धा दाखवून गेल्या.

सत्र सुरू झालं, आणि पहिल्याच शिवणाच्या दुपारी नवीन अडचण उभी राहिली. इतिहासाचा धडा उद्यासाठी वाचून न्यायचा होता, आणि बिटकीचे दोन्ही हात चामड्यात अडकलेले, तोंडात टाचणी.

"दे इकडे," मास्तरीण म्हणाली. चष्मा लावला, पुस्तक ओढलं आणि मोठ्यानं वाचायला लागली. आधी जरा अडखळली, मग लागला सूर.

"हं," बिटकी म्हणाली.

मास्तरणीनं पान उलटलं, पुस्तकावरून तिच्या हाताकडे बघितलं. "तिसरा टाका उसव," ती म्हणाली, आणि पुढे वाचू लागली.